चिंधीच्या गठ्ठ्यावरून भिवंडी

आमच्या कोल्हापूरकडच्या गावातून लोक प्रवासाला निघतात ते तिरुपतीला, गोव्याला आणि गुडघे शाबूत असतील तर काशीला. मी भिवंडीला गेलो, तेही बॉयलर बघायला. परत आल्यापासून पारावर कुणी मला ‘काय काय बघितलंस?’ म्हणून विचारत नाही. ‘बरा आहेस ना?’ एवढंच विचारतात. तेव्हा न विचारताच सांगतो.

दोष माझ्या तोंडाचा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून स्टँडवर गाड्या पुकारण्यात माझी सगळी नोकरी सरली, त्यामुळे एकदा बोलायला लागलो की मला आवरत नाही. थोरली केतकी भिवंडीच्या पाटलांकडे दिली. मुलांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं, आम्ही फक्त मांडव घातला. त्या मांडवात मी नव्या व्याह्यांना ऐकवलं, “कोळसा कशाला जाळता? आमच्या गुऱ्हाळात तीन पिढ्या उसाच्या चिपाडावर काहिली उकळल्या. रानातल्या कचऱ्यावर कारखाने चालतील, कारखाने!” व्याह्यांनी मान डोलावली. वधूपित्याचं बोलणं म्हणून डोलावली असेल, असं मी समजलो. खरं तर गुऱ्हाळ वडिलांचं. मी तिथं फक्त गरम गूळ खायला जायचो.

यंदा भर उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. “पावनं, तुमचा कारखाना आता आमच्याकडं चालू करतोय. तुमी यवा.”

केतकीनं पुढचं सांगितलं. पाटलांचं सायझिंग आहे. म्हणजे विणण्याआधी सुताला खळ लावून ते वाफेवर वाळवायचं काम. वाफेला बॉयलर आणि बॉयलरला लाकूड, कोळसा आणि स्वस्तात मिळते म्हणून चिंधी. तो धूर गावभर. दोन उन्हाळे गावच्या बायकांचे तांदळाचे पापड काळे झाले, तेव्हा सरपंच वनिताताईंनी शेवटचं बजावलं: यंदा पापडाच्या दिवशी धुराडं नीट वागलं तर ठीक, नाहीतर ग्रामसभेत ठराव आणि कंपनीला कुलूप. केतकी सासऱ्यांना म्हणाली की बॉयलर भाताच्या तुसावर आणि पेंढ्यावर चालवू, धूर होणार नाही. भट्टीची जाळी बदलली, माल भरला, सगळं तिच्या शब्दावर.

“आणि नाही जमलं तर?” मी विचारलं.

“तर ही गोष्ट पाटलांच्या घरात जन्मभर निघेल, आबा.”

“सासूबाई काय म्हणतात?”

“त्या काहीच म्हणत नाहीत. ‘बगू’ म्हणतात.”

हे ‘बगू’ माझ्या मनात फार खुपलं. आमच्याकडे विहीण एवढं थोडं बोलली तर समजायचं की काहीतरी मोठं शिजतंय. बायकोचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटाच बॅग भरून निघालो.

कशेळीचा पूल

ठाण्यात उतरून रिक्षा केली. कशेळीच्या खाडीपुलावर माझी सगळी नोकरी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली, कारण गाड्याही उभ्याच होत्या. कंटेनर, टेम्पो, ट्रेलर, मध्ये एक नवरदेवाची गाडी, आणि कुणालाच कुठं जायचं नसावं अशी शांतता. मी खाली उतरून हात करून दोन टेम्पो मागे घेतले, एक कंटेनर पुढे काढला. पाच मिनिटांत आमचीच रिक्षा अशी अडकली की रिक्षावाला हात जोडून म्हणाला, “चाचा, आप अंदर बैठो. पहले ठीक था।”

पूल ओलांडला की गोदामं सुरू होतात ती संपतच नाहीत. आमच्याकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, इथं पत्र्याची गोदामं, आणि दोन गोदामांच्या मध्ये कुणाचं तरी भाताचं खाचर अजून टिकून. त्यात एक म्हैस बसलेली होती आणि तिच्या मागच्या भिंतीवर भल्यामोठ्या अक्षरांत ‘भाड्याने देणे आहे’ लिहिलेलं होतं. म्हैस की गोदाम, ते कळायला मार्ग नव्हता.

पाटलांचं गाव खारबावच्या अलीकडे. घर तीन मजली, गुलाबी, आणि मागच्याच अंगणापलीकडे सायझिंगचं धुराडं. व्याही दारातच उभे होते, गळ्यात जाड साखळी, अंगात पांढरा शुभ्र शर्ट. विहीणबाईंनी पाणी दिलं, गूळ दिला, माझ्याकडे नीट बघितलं आणि आत गेल्या. केतकी वाळली होती. तिच्या कपाळाला राख लागली होती आणि ती हसत होती, पण ते हसणं मला ओळखता येतं. बारावीच्या निकालाच्या दिवशीही ती असंच हसत होती.

जेवायला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे. आमच्याकडे तांबडा-पांढरा रस्सा वाटीत मुकाट बसतो, माणसानं फक्त प्यायचं. इथं ताटातली चिंबोरी माझ्याकडे बघत होती. मी तिचा फांगडा, म्हणजे नांगी, दाताखाली धरून दाबला, तो निसटला आणि थेट व्याह्यांच्या शुभ्र शर्टावर गेला. लाल डाग पडला. मग व्याही म्हणाले, “काय न्हाय पावनं, चिंबोरीला पन मी आवडतो.”

बॉयलरसमोर

दुसऱ्या दिवशी सकाळी मला ‘एक्स्पर्ट’ म्हणून खाली नेलं. बॉयलर सांभाळणारे रफीकभाई, गेली पुष्कळ वर्षं तिथंच, तूस आणि पेंढा दाबून केलेल्या कांड्यांकडे संशयानं बघत उभे होते. बाजारात ह्या कांड्यांना ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. त्या पांढऱ्या नाहीत, तपकिरी आहेत, आणि कोळसाही नाहीत. पण आमच्या डेपोत ‘जलद’ लिहिलेल्या गाड्या मी इतकी वर्षं सोडल्या, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

“कोल्हापूरवाले साहब बतायेंगे,” रफीकभाई म्हणाले.

साहेबांनी भट्टीचं दार उघडून आत डोकावून बघितलं. एवढंच केलं. माझी डावी भुवई तिथंच राहिली.

“काय दिसलं?” व्याह्यांनी उत्सुकतेनं विचारलं.

“चांगलं पेटलंय,” मी डोळा चोळत म्हणालो. ह्यापलीकडे मला काही कळत नव्हतं, पण केतकीला सगळं कळत होतं. तिनं हवेची झडप थोडी उघडली, कांड्या एकदम न टाकता थोड्या थोड्या टाकायला लावल्या, आणि काट्यावर वाफेचा दाब चढला. बाहेर येऊन बघितलं तर धुराड्याच्या तोंडाशी हवा फक्त थरथरत होती. धूर नावालाही नाही. मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. व्याही मात्र मान वर करून कपाळाला आठ्या घालून उभे होते.

“कसंतरीच दिसतंय,” ते म्हणाले.

“काय?”

“उघडं.”

तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही. पुढे आलं.

अकलोली

पापडाच्या आदल्या दिवशी व्याही मला फिरवायला घेऊन निघाले. वाटेत डोंगराकडच्या पाड्यावर थांबलो, कारण केतकीचा पेंढा तिथूनच येतो. एक वारली बाई खाचरात वाळका पाला, शेण आणि थोडा पेंढा पसरत होती. पेरणीआधी रोपांच्या जागेवर हे पसरून जाळायचं, म्हणजे जमीन भाजते आणि रोप जोमानं येतं. ह्याला इथं राब म्हणतात.

व्याह्यांनी मोठ्या मनानं विचारलं, “पाला पन देतेस काय आमाला?”

“पाला न्हाय. राबाला लागतो,” ती मान वर न करता म्हणाली. “पेंढा उरतो तो नेताय ना? तेवढाच न्या. तुमची कंपनी जेवली पायजे, आमची जमीन पन जेवली पायजे.”

व्याही गाडीत बसता बसता म्हणाले, “आमची माय पन राब जालायची. आता तिथं गोदाम हाय.”

अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. आम्ही दोघं व्याही पंचे लावून कुंडाच्या काठावर बसलो. मी उत्साहानं पाय घातला आणि त्याच उत्साहानं बाहेर काढला. माझी किंकाळी ऐकून शेजारच्या कुंडातल्या एका आजोबांनी देवाचं नाव घेतलं. सरावलो तेव्हा मी म्हणालो, “बघा पाटील, एवढं पाणी तापतंय, आणि धूर कुठं आहे?”

“देवाला गिऱ्हाईक धरायचं नसतं,” व्याही म्हणाले.

आता त्यांनी मनातलं सांगितलं. भिवंडीत कारखाना चालतोय की नाही हे लोक धुराड्याकडे बघून ठरवतात. काळा धूर म्हणजे पाटलांचं जोरात आहे. त्यांचे वडील सकाळी उठून आधी धुराड्याला आणि मग सूर्याला नमस्कार करायचे. आता धूरच नाही म्हटल्यावर लूमवाले, म्हणजे खळीला सूत पाठवणारे यंत्रमागवाले, काय समजतील? मी म्हटलं, “समजावून सांगू की.” ते म्हणाले, “पावनं, तुमाला समजवायलाच किती दिवस लागले.”

पापडाचा दिवस

उजाडताच पाटलांच्या गच्चीवर बायका जमल्या. शिजवलेल्या तांदळाच्या पिठाचे गोळे, लाटण्यांचा आवाज, गाणी, आणि ऊन चढायच्या आत पांढऱ्या पापडांनी गच्ची भरली. आसपासच्या गच्च्याही भरल्या. वनिताताई खुर्ची टाकून मध्यभागी बसल्या. गेल्या वर्षीचा एक पापड त्यांनी पिशवीतून आणला होता. काळ्या ठिपक्यांनी भरलेला. “तीळ न घालता तिळाचा पापड,” त्या मला दाखवून म्हणाल्या. “संध्याकाळी गोळा करताना बघू. एकही ठिपका नको.” विहीणबाई कोपऱ्यात आपल्या परातीतलं पीठ मळत होत्या. मी म्हटलं, “जमेल ना, ताई?” त्या म्हणाल्या, “बगू.”

केतकी गच्ची आणि बॉयलर अशा खेपा घालत होती. मी खाली गेलो. सगळं ठीक चाललं होतं. म्हणजे धुराड्यातून काहीच येत नव्हतं.

मग व्याह्यांचा फोन वाजला. “सेठ, कंपनी बंद है क्या? धुआँ नहीं दिख रहा।” व्याही म्हणाले चालू आहे. ठेवतात तोच दुसरा. मग तिसरा. आणि मग फाटकाशी एक टेम्पो येऊन उभा राहिला: एका जुन्या लूमवाल्यानं आपलं सूत दुसरीकडे न्यायला पाठवलेला. व्याह्यांनी ड्रायव्हरला आत आणून चालू मशीन दाखवलं. तो म्हणाला, “वो सब ठीक है, लेकिन सेठ को तो धुआँ ही दिखता है।”

सूत घेऊन टेम्पो गेला तसा व्याह्यांचा चेहरा बदलला. ते शेडच्या मागे गेले आणि एक मोठा गठ्ठा ओढत घेऊन आले. चिंधी. केतकीनं सगळी चिंधी विकायला लावली होती. हा एक गठ्ठा त्यांनी अडीअडचणीला मागे ठेवला होता.

“थोडीशीच, पावनं. दाखवायपुरती. एक काला पट्टा वर गेला की फोन बंद.”

“आणि पापड?”

“वारा तिकडं हाय.”

वारा कुठंच नव्हता. वर माझी पोरगी उन्हात उभी होती. रफीकभाई मालकाच्या शब्दाबाहेर नव्हते. मला दुसरं काही सुचलं नाही. मी पुढे झालो आणि त्या गठ्ठ्यावर बसलो.

आता हे वाचणाऱ्यांना वाटेल की ह्यात काय मोठं. पण मुलीच्या बापाला, पाहुणा म्हणून बोलावलेल्या व्याह्याला ‘ऊठ’ म्हणायचं कसं? त्याच्या खालून वस्तू ओढायची कशी? आमच्याकडे ते जमत नाही आणि आनंदाची गोष्ट म्हणजे भिवंडीतही जमत नाही. शिवाय माझं वजन.

“पावनं, खुर्ची आनतो.”

“नको पाटील. मला इथंच बरं वाटतंय.”

प्लास्टिकची खुर्ची आली. मग ऑफिसातली गादीची, चाकांची खुर्ची आली. मग पंखा आला. मी नम्रपणे नको म्हणत गेलो. “जेवायला वर चला, जिताडा केलाय.” मी म्हटलं, “इथंच आणा की. बॉयलरसमोर जेवायची माझी फार दिवसांची इच्छा आहे.” जिताडा ह्या खाडीतल्या माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी मी भट्टीसमोर मांडीवर ताट घेऊन खाल्ली. घाम कालवणात पडत होता, पण चव उत्तम होती.

मग पाटलांना युक्ती सापडली. ते समोर स्टूल घेऊन बसले आणि गोड आवाजात म्हणाले, “उन्हाचं शहाळं घ्या.” घेतलं. “ताडगोले घ्या, थंड असतात.” घेतले. “अजून एक शहाळं.” त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मला त्यांचा डाव कळला. पाहुणचार नाकारता येत नाही आणि शहाळ्याचं पाणी पोटात राहत नाही. तिसऱ्या शहाळ्याला मी पाय जुळवून बसलो. चौथ्याला मी नोकरीतल्या सगळ्या गाड्यांची नावं मनात पुकारू लागलो.

“पावनं, कुटं जायचं असंल तर जावा. लाजू नका.”

“कुठंच नाही,” मी दात आवळून म्हणालो. रफीकभाई तोंड फिरवून हसत होते.

ऊन उतरलं तेव्हा वरून हाक आली, “शेठ, वर या! वनिताताई बोलावतायत!” निकालाची वेळ. सरपंचांना नाही म्हणणं पाटलांना शक्य नव्हतं. ते गठ्ठ्याकडे, माझ्याकडे बघत बघत जिना चढले. ते दिसेनासे झाले आणि मी जो धावलो, तसा एसटी कर्मचाऱ्यांच्या शर्यतीतही धावलो नव्हतो.

परत येताना जीव हलका झाला होता. गच्चीत पाऊल टाकलं आणि तो पुन्हा जड झाला. सगळ्या बायका पापडांच्या एका रांगेभोवती जमल्या होत्या. वनिताताईंच्या हातात एक पापड होता आणि त्यावर काळे ठिपके. त्या रांगेतल्या सगळ्या पापडांवर ठिपके. केतकीचा चेहरा पांढरा पडला होता. पाटील माझ्याकडे बघत होते, मी पाटलांकडे. मला वाटलं, मी गेलो त्या दोन मिनिटांत ह्यांनी रफीकला खूण केली. त्यांना वाटलं असेल, एवढा वेळ बसून ह्यानंच काहीतरी बिघडवलं. मी गच्चीच्या कडेवरून वाकून बघितलं. गठ्ठा जागच्या जागी होता. धुराड्यावर हवा थरथरत होती.

वनिताताईंनी ठिपक्यावर बोट घासलं. काजळी पसरते, हा पसरला नाही. त्यांनी पापडाचा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला.

“तीळ हाय,” त्या म्हणाल्या. “काळा तीळ. बाकीच्या पापडांवर काही नाही. ही रांग कुणाची?”

विहीणबाई पदराला हात पुसत पुढे आल्या. “माजी.”

“अगं, आजच्या दिवशी तील?” पाटील ओरडले. “कंपनीला कुलूप लागलं असतं! तुला काय अक्कल?”

त्या सबंध मुक्कामात मी विहीणबाईंना एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. “दोन वरस तील घालता आलं न्हाय. तील कोनता आनि काजली कोनती, कसं वलखायचं? ह्या वर्साला सून बोलली, धूर येनार न्हाय. मंग न्हाय येनार. म्हनून घातलं.”

“पन बगू बगू करत होतीस ना?”

“तुमी काय जालता ते बगू. तिचं कशाला बगू?”

केतकी ते सगळे दिवस हसत होती, ती आता रडायला लागली. विहीणबाईंनी तिला दंडाला धरून बाजूला केलं. “तिकडं रड. पापडावर पानी पडंल.”

मीही तिकडेच जाऊन उभा राहिलो.

व्याह्यांनी धुराड्याची हौस सोडली नाही. हळदीच्या मांडवावर असते तशी लाल-हिरवी लायटिंग त्यांनी बुंध्यापासून तोंडापर्यंत गुंडाळली. संध्याकाळी ती लागली की पार मोठ्या रस्त्यापर्यंत दिसते. आता कुणी ‘बंद है क्या’ विचारत नाही. ‘किसकी शादी है’ असं विचारतात. चिंधीचा तो गठ्ठा त्यांनी मला निरोपाची भेट म्हणून गाडीत घालायला काढला होता. मी शहाळंही नको म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं विहीणबाईंनी दिलेला पापडाचा डबा उघडला. काळे ठिपके बघून तिचे डोळे भरले. “शेवटी झालाच ना धूर? पोरीचं काय झालं?” मी तिला सगळं सांगितलं, अगदी चौथ्या शहाळ्यापर्यंत. ती हसली नाही. तिनं एक ठिपका नखानं उचलला, जिभेवर ठेवला, चावला आणि बराच वेळ चघळत राहिली. मग तिनं भिवंडीला फोन लावला आणि केतकीनं उचलताच तिला सांगितलं, “आधी विहीणबाईंना दे.”